क्लस्टर आणि माझी रजा

३ मार्च, सोमवार
साहेबांनी जाहीर केलं, डेटाबेस विभागाला प्रमुख नेमणार. मी चेहरा निर्विकार ठेवला. कोणाला नेमणार हे सांगायला ज्योतिषी नको. बसच्या रिझर्वेशनची सगळी माहिती तीन मशीनच्या क्लस्टरवर, आणि क्लस्टर माझ्या मुठीत.

४ मार्च
साहेब म्हणतात, काम वाटून घ्या, शेजारणीलाही पासवर्ड द्या. शेजारीण म्हणजे बाजूच्या टेबलावरची सहकारी. आवाज असा की फोनची गरजच नाही. तीच मला क्लस्टर समजावू लागली. म्हणे, एक मशीन लीडर, नव्या नोंदी तोच घेतो, बाकीचे दोघं त्याची प्रत ठेवतात. लीडर गप्प झाला की उरलेले मतदान करून नवा लीडर निवडतात. मी म्हटलं, बाई, हे मीच तुम्हाला शिकवलंय. (शिकवलं नव्हतं. शिकवणार होतो.)
मतदान मी केव्हाच बंद करून ठेवलंय. एक नंबरचं मशीन कायमचं लीडर. माझ्या राज्यात निवडणुका नाहीत.

६ मार्च
झकास कल्पना! आठवडाभर रजा. फोन बंद. माझ्यावाचून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं की प्रमुखपद आपोआप पदरात. पासवर्ड द्यावे लागले. कुठे काय आहे ते मात्र सांगितलं नाही.

१० मार्च, सकाळी
रजा सुरू. फोन बंद म्हणजे बंद.

१० मार्च, जरा वेळाने
बॅटरी तपासायला चालू केला. एकही कॉल नाही. बहुतेक रेंज नसावी. हिने स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. खणखणीत वाजला. हिला नसते उद्योग फार.

११ मार्च
हिने माळा साफ करायला लावला. धुळीतूनच फोनवर रिझर्वेशन उघडलं. बंद! आनंदाने शिडीवरून पडता पडता वाचलो. एक नंबर आडवा झाला आणि मतदान बंद! आता येतीलच नाक मुठीत धरून. कपडे बदलून बसलो. चहा संपेपर्यंत रिझर्वेशन पुन्हा सुरू.

१२ मार्च
बिचारे संकोचत असतील. मीच शेजारणीला सहज फोन केला. म्हणाली, मतदान सुरू केलं, दोन नंबर लीडर झाला, झालं काम. प्रती होत्याच, एकही तिकीट हरवलं नाही. एक नंबरचं विचारलं. दुरुस्त होऊन आलाय म्हणे, आता दोन नंबरकडून राहिलेल्या नोंदी घेतोय. मी म्हटलं, मग त्याला पुन्हा लीडर करा. ती म्हणाली, कशाला?
ही म्हणाली, जेवून घ्या. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, सोमवार
हजर झालो. शेजारीण प्रमुख. शुक्रवारीच पेढे वाटून झाले, माझा एक ठेवला होता. साहेबांनी माझे खास आभार मानले. म्हणाले, कोणाला नेमावं ठरत नव्हतं, तुमच्या रजेने सोपं झालं. मी हसलो. खूप वाईट वाटलं. वर म्हणाले, तुमची रजा बरीच शिल्लक दिसते, हवी तेव्हा घ्या, इथे काही अडत नाही.