सहा नंबरच्या पेटीतली राणी

तीर्थरूप मामा,

भटक्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. मी मजेत आहे (डावा कान सोडून, माशी डसल्यापासून तो एकटाच दोन कानांएवढा दिसतो).

तुम्ही लावून दिलेल्या मधमाश्यांच्या कामावर मी अजून आहे, हे वाचून तुम्ही चष्मा पुसाल, तरी तेच खरं. निघणारच होतो. पण आदल्या दिवशी काकूंनी (म्हणजे पेट्यांच्या मालकीणबाईंनी, त्यांना सगळे काकूच म्हणतात) सहा नंबरच्या पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी साफ करायला सांगितल्या. एकीला भुईमुगाच्या शेंगेसारखा मेणाचा गोळा लोंबत होता. म्हटलं, जाताजाता काम तरी चोख करावं, आणि खरवडून टाकला. त्यात नवी राणी वाढत होती! जुनी आधीच मेलेली. राणी नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर दोन-तीन महिन्यांत पेटी ओस.

काकू ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शेजारच्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट आणून बसवली नि म्हणाल्या, “जायचंय ना तुला? जा की. पण आधी यातनं राणी निघू दे.”

तर थांबलोय. अंडं कणीहून बारीक, तीन दिवस नुसतं पडून (मला वाटलं, गेलं). मग अळी. मामा, राणीची आणि कामकरी माशीची अळी आधी एकसारखीच असते! फरक पडतो तो खाण्याने. राणीला शेवटपर्यंत सायीसारखं पांढरं खाद्य भरवतात, बाकीच्यांना थोडे दिवस ते, मग मध-पराग (आमच्या घरी थोरल्याला दूध नि मला चहा, तसंच). आठव्या दिवशी माश्यांनी मेणाचं झाकण लावलं. आत आता कोष आहे, डोळे-पंख-पाय घडतायत. धक्का बसला तर पंख वाकडे होतात, म्हणून मी तिथे शिंकतसुद्धा नाही. आज अकरावा दिवस. सोळाव्याला यायला हवी.

मामीला नमस्कार.

तुमचाच, पायाला भिंगरी लावलेला

ता.क. छापखान्यातल्या नव्या कामावर सोमवारी येतो म्हणालो होतो, ते आठवडाभर पुढे ढकलाल का?

ता.क. दुसरा : काकू म्हणतात, राणी निघाल्यावर अंडी घालायला दहा-बारा दिवस, आणि त्यातून कामकरी निघायला एकवीस. सव्वा महिनाच धरा.

ता.क. तिसरा : पत्र टाकायचं राहिलंच. आज सोळावा. सकाळी झाकण गोल कापून ती बाहेर आली. मी तीनदा मोजले, सहाही पाय आहेत, पंख सरळ आहेत. छापखान्यात दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा.