चरबी आल्याबद्दल अभिनंदन

चि. विश्वंभर यास ज्ञानबामामाचा आशीर्वाद.

तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या अनुसयाचा, गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? सूनबाई रुख्मिणीचा खोकला थांबला का? काळी शेळी व्याली का? आणि दहावी झालेली पुजा जेवते का? सायन्स शिकलं की पोरीला चरबी येते म्हणून तू तिला अडवून बसलास, आणि लेकरानं ताटावर रुसवा धरलाय, असं अनुसयाकडून कळलं.

इकडं आमची रागिणी (माझी नात; आता नावामागं डॉक्टर लागलं, सुईवाली नव्हे, अभ्यासाची) पाव फुगवणाऱ्या यीस्टवर संशोधन करून राहिली. एका पेशीचा जीव तो. ना डोळा, ना कान, अंगावर चरबीचं पातळ कातडं. दाणापाणी आटलं की त्या चरबीवर खूण उमटते, आपण मेंढराच्या पाठीवर गेरूची करतो तशी. ती खूण आत सांगावा धाडते: वाढ थांबव, साठवून ठेव. सांगावा पोचला तर जीव तगतो, न्हाई तर संपला. (मला हे तीनदा ऐकून कळलं. तुला दोनदा लागंल.)

एवढं ऐकून मी गप्प कसा बसू? सेनगावच्या फ्लेक्सवाल्याला चालत्या जीपमधून फोनवर मजकूर सांगितला: ‘रागिणी हिला चरबीच्या अभ्यासात डॉक्टरकी आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ जीपमध्ये शेजारी दोन बोकडं होती. त्यांच्या ओरडण्यातून त्याला जेवढं ऐकू गेलं, तेवढं त्यानं छापलं. फाट्यावर दहा फुटी बोर्ड लागला: ‘रागिणी हिला चरबी आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त गावकरी.’ खाली फेटा बांधून हात जोडलेला मी.

शेजारची चंदाबाई म्हणाली, “आबा, आली ते दिसतच होतं. बोर्ड काहून लावला?”

शिडी लावून बोर्ड सोडायला चढलो, तेवढ्यात एसटी आली आणि रागिणीच उतरली. तिनं बोर्ड वाचला, बॅगेवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणाली, “राहू द्या आबा. चरबी हाय म्हणूनच तगतंय ते.” मग फाट्यावरच्या सगळ्यांना तिनं तासभर यीस्ट समजावलं. चंदाबाईनं सगळ्यांत जास्त सवाल केले. मी शिडीवरून उतरलोच न्हाई. तिथून नात बराबर दिसत होती.

तेव्हा विश्वंभर, तुझं म्हणणं मला मान्य आहे. सायन्सनं चरबी येते. पुजाला येऊ दे.

तुझा मामा,
ज्ञानबा

ता.क. पुजाचा अकरावी सायन्सचा फॉर्म रागिणीनं कालच मोबाईलवर भरला.

ता.ता.क. बापाच्या सहीचा कागद पाकिटात घातलाय, शुक्रवारच्या आत लागतो. उत्तर लवकर लिही. काही सुचलंच न्हाई, तर नुसती सही धाड.