थिनरची चिंधी

प्रिय धाकटे,

अक्षर बघून हसू नकोस. काल दवाखान्यातून आल्यापासून डोकं सुन्न झालंय, आणि बोटं तर महिन्याभरापासून सुन्नच आहेत. परवा हातातून कप निसटला, तो फुटल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी काढली. मी म्हटलं, टोचा की! त्या म्हणाल्या, टोचून झालं. मग विचारलं, छापखान्यातली शाई हातावरून कशानं काढता? मी ऐटीत सांगितलं, थिनरच्या चिंधीनं, सतरा वर्षं, एक डाग राहत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली गं. आपली शाई तेलकट, म्हणून पाण्याला दाद देत नाही. थिनर जे जे तेलकट ते विरघळवतं, पण शाई कुठली आणि माणूस कुठला हे त्याला कुठं कळतंय! कातडीतलं तेल काढून ते आत शिरतं, वासातून छातीत जातं, रक्तात मिसळतं, नसा खराब करतं. संध्याकाळी डोकं हलकं व्हायचं, आपण उगाच खिदळायचो, आठवतं? मला वाटायचं, सुटी झाल्याचा आनंद! आणि कागद उडतात म्हणून खिडकी बंद ठेवायला मीच लावली होती.

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? बाई म्हणाल्या, साधं खायचं तेल चोळा, मग साबण लावा. शाई तेलातही सुटते. तेलाची बाटली इतकी वर्षं माझ्या गॅसशेजारी उभी होती.

कामाच्या पहिल्या दिवशी काळी नखं बघून तू रडवेली झालीस, तेव्हा ती चिंधी तुझ्या हातात मी दिली. दुसऱ्या कुणी नाही.

फोन केला असता तर "बरं ताई" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून हे वाकडंतिकडं अक्षर घेऊन तुझ्या भावजींनाच पाठवतेय. तुला चौथा महिना लागलाय. बाळापर्यंत पोचतं का, असं मी बाईंना विचारलं. "पोचू शकतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. नोकरीचं मागाहून बघू. आत्ता ती चिंधी टाक आणि भावजींबरोबर सरळ दवाखान्यात जा. बाळाला घेईन तेव्हा त्याचा गाल माझ्या बोटांना कळेल की नाही, ठाऊक नाही. तुझ्या बोटांना कळायलाच हवा.

चिंधी देणारी, तुझीच,
ताई