टाचणीवरची मादी

१४ ऑक्टोबर, मंगळवार. कर्जत

नऊ वर्षं! कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाचणीवर टोचलेला तो पाण्यातला किडा मी नऊ वर्षं मुलांना दाखवतेय. डिप्लोनिकस रस्टिकस, पाठभर अंडी, खाली माझ्या अक्षरातली, माझ्या नावाची चिठ्ठी: 'मादी'. अंडी आहेत म्हणजे मादीच, त्यात काय बघायचं?

आज जिवंत किड्यांच्या काचेच्या टाकीतलं पाणी बदलताना आमचे शिपाई रज्जाकभाई टाचणीवरच्या किड्याकडे बोट दाखवून सहज म्हणाले, "मॅडम, मादी अंडी ह्याच्या पाठीवर चिकटवून निघून जाती. ह्यो नर हाय. मी दोनदा बघितलंय."

पुस्तक उघडलं. बरोबर! या जातीत अंडी बापच वाहतो.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी चिठ्ठी लावल्याली हुती ना."

लाज वाटली, पण हसूच जास्त आलं. आमच्या कामात जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, तिच्याखाली नवी टोचतात. म्हणजे माझी 'मादी' माझ्या नावासकट तिथेच राहणार. राहू दे. खाली नखाएवढी नवी चिठ्ठी लावली: 'नर. ओळखणारे: रज्जाकभाई.'

त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"अक्षर जरा मोठं काढा की, मॅडम."