तलावाच्या नकाशातली नवी रेघ

प्रिय ताई,

तू गेल्यावर तुला कधी लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण ग्रामपंचायतीत भांडून आलोय आणि ते सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

आसगावच्या तलावाचा तू काढलेला नकाशा पंचायतीच्या वेबसाइटवरून हटवायला निघालेत. भंडाऱ्याहून आलेला वेबसाइटवाला म्हणाला, "हे जुनं काम आहे जी. याच्यात नवा पाटच नाही. ड्रोनचा फोटो टाकून देऊ."

मी म्हटलं, फोटो मोठा करून दाखवा. केला, तर धानाच्या शेतांच्या बांध्या धुरकट झाल्या. मग तुझा नकाशा मोठा केला. शेजारचे महादेवकाका मोबाइलवर वाकून म्हणाले, "माही बांधी साफ दिसून राहिली ना गा. काहून काढता?" सरपंचांनी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला.

तुझा नकाशा ज्या पद्धतीने काढलाय त्या एसव्हीजीपायी तुला किती ऐकून घ्यावं लागलं! चित्र ठिपक्यांनी भरायचं नाही, रेघा अक्षरांत लिहायच्या, हे तू जेवताना समजवायचीस. मोठ्या कंपन्यांनी आधी आपापल्या वेगळ्या भाषा मांडल्या, मग एकत्र बसून ही एकच केली, हे तर सोयरीक जुळल्यासारखं सांगायचीस. पण ब्राउझर ती दाखवेनात. वेगळं प्लगइन टाकावं लागे, आणि एक दिवस ते बनवणाऱ्यांनीच हात वर केले. तुझ्या नकाशाच्या जागी नुसती कोरी चौकट दिसायची. सगळे दुसऱ्या प्लगइनवर चालणाऱ्या हलत्या-डुलत्या चित्रांच्या मागे लागले, पवनीच्या कॉम्प्युटर क्लासमधले तुला हसले. तू एवढंच म्हणालीस, "मी नाही बदलत. ब्राउझरलेच बदलाव लागन."

बदलले ना, एकेक करून सगळे. ती हलती-डुलती चित्रं आता ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, तुझा नकाशा कुठल्याही फोनवर उघडतो. हे बघायला का नाही थांबलीस? याचा राग आहे मला तुझ्यावर, आणि तो जायचा नाही.

एसव्हीजीची दुसरी आवृत्ती वर्षानुवर्षं चर्चेतच अडकली आहे, म्हणून वेबसाइटवाला एसव्हीजीलाच मेलेलं म्हणतो. मेलेलं रोज उघडतं का?

नव्या पाटाचं मात्र त्याचं बरोबर होतं. म्हणून घरी येऊन तुझी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली आणि तुझ्या ओळींखाली माझी पहिली ओळ लिहिली. पाट सरळ आहे, पण माझी रेघ वाकडी होऊन तलावातच घुसली. उद्या पाटावर जाऊन बघून येतो आणि दुरुस्त करतो. पुढच्या सभेत हाच नकाशा लागेल, नव्या पाटासकट. तुझी एकही रेघ मी कोणाला पुसू देणार नाही.

तुझाच भांडकुदळ,
बंडू