थॅडचा बिनबुडाचा डबा

मोंटाना, रविवार

प्रिय नोरीन,

मी मजेत आहे, पाठही दुखत नाही. धाकटीचा खोकला थांबला का?

पाऊस आपल्याइतकाच, पण तुझ्या भावाचा गहू कमरेला लागतोय. पाहुणा आला की हा थॅड बिनबुडाचा डबा जमिनीत ठोकून त्यात पाणी ओततो. माझी कॉफी निवायच्या आत सगळं जिरलं. आपल्याकडे साचून राहतं म्हणालो, तर म्हणे, "दाजी, तुम्ही बदकं पाळा."

तो चर्चला गेल्यावर मी मुद्दाम ट्रॅक्टर वळून माती दबते तिथे डबा ठोकला. तिथेही जिरलं. मला जेवण गेलं नाही.

तो नांगरतच नाही, धसकटं तशीच ठेवतो. माझ्या बाबांना सांग, यंदा नांगर काढू नका. कारण काहीही सांग, फक्त तुझ्या भावाचं नाव घेऊ नकोस.

तुझाच,
ऑरिन