शाळा चौकात आली

याडी, माझे आई, आपल्या तांड्याची शाळा आता नाल्यापलीकडे नाही, चौकात आहे. चुकार गुरं कोंडायचा कोंडवाडा होता ना, त्या जागेवर दोन खोल्या आणि पुढे लांब ओसरी उभी राहिली. ओसरीत उभं राहिलं की तांड्याची दोन्ही टोकं दिसतात, आणि त्या दोन टोकांच्या मधे आज तंबाखूची एक पुडीसुद्धा विकत मिळत नाही. हे तुला सांगायचं होतं. पण तू गेल्यावर मी सरपंच झाले हेही तुला ठाऊक नाही, तेव्हा जरा आधीपासून सांगते.

मला तू आठवतेस ती पऱ्हाटीच्या तासात. पोटाशी ओटी बांधलेली, दोन्ही हात कापूस वेचतायत, खालच्या ओठाआड तंबाखूची चिमूट. वेचणीच्या दिवसांत आमच्या भाकरी थापून तू न जेवताच निघायचीस. निघण्याआधी चुलीपुढे बसून तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचीस, वरून टाळी मारून भुकटी उडवायचीस. लहानपणी मला वाटायचं, भाकरी थापणं आणि ही टाळी हे एकाच स्वयंपाकाचे दोन भाग आहेत. पुडी आणायचं काम माझं. दुकान आपल्या दाराला लागूनच म्हणावं इतकं जवळ. शाळा मात्र नाला ओलांडून, सडकेच्या कडेला, चहूबाजूंनी वावर असलेल्या जागी.

मी चौथीत असताना मास्तर घरी आले होते. तू दळण निवडत होतीस. ते म्हणाले, "बाई, पोरीच्या हातानं तंबाखू मागवू नका. आणि तुम्हीही सोडा, वाईट आहे ते." तू सूप खाली ठेवलं नाहीस. "मास्तर, तुमी दुपारी डबा खाता. मी वावरात उभ्यानं काय खाऊ? हे तोंडात असलं का भूक मरते. मजूर बसला का मालक बोलते. तुमाले कोन बोलते?" मास्तर निघून गेले. पुढे मला पुडी आणायला तू कधी पाठवलं नाहीस, स्वतः गेलीस. पण तुझं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. ते खोटं नव्हतं. तंबाखू वाईट हे मास्तरांचं म्हणणं खरं होतं, आणि तुला जेवायला बसू देत नव्हते हे तुझंही खरं होतं.

मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिखट लागेना, मग तोंड उघडेना, मग तू भाकरी दुधात कुस्करून बोटानं आत सारू लागलीस. दिग्रस, तिथून यवतमाळ, तिथून नागपूर. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलं. तुला तोवर बोलताही येत नव्हतं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पाहिलं, तोंडाला पदर लावून बसलेल्या बहुतेक बाया आपल्यासारख्या तांड्यावरच्या, नाहीतर कोलामांच्या पोडावरच्या. शहरातली माणसंही येत, पण ती लवकर येत आणि बरी होऊन घरी जात. आपली माणसं उशिरा येत.

सरपंच झाल्यावर पहिल्या ग्रामसभेला बाया इतक्या आल्या की पुरुषांना उभं राहावं लागलं. चौकात तोवर तीन टपऱ्या झाल्या होत्या. खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे, म्हणून टपरीवाला सुपारी वेगळी ठेवतो, तंबाखू वेगळा, आणि गिऱ्हाईक आलं की समोरच पन्नीत घोटून देतो. शाळेतून आलेली पोरं तिथंच थांबायची. आम्ही ठराव केला: आपल्या तांड्यात तंबाखूचं काहीही विकायचं नाही. सगळे हात वर गेले. ज्यांच्या तोंडात खर्रा होता त्यांचेही गेले, त्यांना नाही कसं म्हणावं ते कळलं नसावं.

पंचायत समितीतल्या साहेबांनी ठराव वाचला आणि मला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, भावना चांगली आहे, पण हे तुमच्या अधिकारात बसत नाही. कायदा वरचा आहे. शाळेपासून शंभर यार्डांत विकायचं नाही, एवढंच तो सांगतो. त्याच्यापुढे बंदी घालायची तर ती सरकारनं घालायची, गावानं नाही."

मी म्हटलं, "साहेब, आमच्या शाळेपासून शंभर यार्डांत नुसती पऱ्हाटी आहे. तिला कोण तंबाखू विकेल?"

ते हसले. मग मी विचारलं, तुमच्या कॉलनीत शाळा किती? त्यांनी आठवून दोन-तीन नावं घेतली. म्हणजे तिथला जवळजवळ प्रत्येक चौक कायद्याच्या आत येतो. जिथं शाळा जवळ, दवाखाना जवळ, तिथंच कायदाही जवळ. आणि आमच्यापर्यंत तो पोहोचत नाही म्हणून आम्ही आमचा करावा, तर तेवढा हक्क आम्हाला नाही. साहेब म्हणाले, "तुमचं पटतं मला. पण माझे हात बांधलेले आहेत." ठराव तसाच परत आला. टपरीवर त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले, एक मलाही आणून दिला. मी तो घेतला आणि खाल्लासुद्धा. रडायचं नाही एवढं तुझ्याकडून शिकले होते.

पुढच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या शाळेचं छत गळायला लागलं. इंजिनियर येऊन इमारत धोक्याची ठरवून गेला. नवीन शाळा मंजूर झाली आणि मी पुन्हा त्याच टेबलापुढे बसले. साहेब कागद चाळत म्हणाले, "जागा ग्रामसभेनं ठरवून द्या. गावठाणातली कुठलीही चालेल."

"कुठलीही? तो अधिकार आमचा?"

"तुमचाच."

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चौकातली ती कोंडवाड्याची जागा मोकळीच आहे ना तुमची?" यष्टीत बसेपर्यंत मी हसू दाबून धरलं होतं. बसल्यावर शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून हसले, तीही बिचारी हसली.

सोपं मात्र गेलं नाही. सगळ्यात मोठ्या टपरीचा मालक पलीकडच्या गावचा, तुझ्याशीही त्याची ओळख होती. तो घरी आला. "सरपंचबाई, तुमी शाळा बांधून राह्यल्या का मले उठवून राह्यल्या?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "तुमच्या मायले मीच पुडी द्यायचो. ती मेली तवा मी बी रडलो. पन मले लेकरं हायेत ना. काहून माह्याच पोटावर पाय?" हे मी सहज घेतलं नाही, याडी. चहाभज्यांच्या दुकानासाठी शाळेसमोरची जागा आधी त्याला द्यावी, असं मी ग्रामसभेत मांडलं, आणि बायांनी कुरकुर करत का होईना मान्य केलं. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग कढई आणली.

शाळा उघडली त्याच आठवड्यात साहेब स्वतः टेप घेऊन आले. टेपचं एक टोक शिपायानं फाटकाशी धरलं आणि साहेब चालू लागले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे बाया. घेरदार फेटिया नेसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा काठी टेकत निघाल्या. पहिली टपरी आत आली. दुसरी आत आली. देवळापलीकडची तिसरीही आली. टेप गुंडाळायचा, पुन्हा धरायचा, असं करत आम्ही शेवटच्या घरापाशी पोहोचलो, आणि हद्द त्याच्याही पुढे, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन थांबली. दुसऱ्या बाजूलाही तेच. साहेबांनी रुमालानं घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कायद्याप्रमाणे हा अख्खा तांडा बंद." बाया टाळ्या वाजवायला विसरल्या. एकीनं आपल्या बोलीत गाणं धरलं आणि मग सगळ्या फेर धरून नाचल्या, भरदुपारी, सडकेवर, मलाही मधे ओढून.

आता तुझ्या वेचणीतल्या जोडीदारणीचं सांगते, जी तुझ्याच शेजारच्या तासात असायची. शाळेच्या ओसरीत मी तोंड तपासायचं शिबिर लावलं, तिला हाताला धरून नेलं. चट्टा होता, पण अजून चट्टाच होता. वेळेवर उपचार झाला आणि ती बरी आहे. कुणी विचारलं, आजी, तंबाखू सोडली का, तर म्हणते, "मी कायले सोडतो? दुकानच दूर गेलं. पाय दुखतात, कोन जाते तेवढ्यासाठी?" त्या शंभर यार्डांच्या कायद्याचा इतका चांगला अर्थ मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. शेजारच्या दोन गावांचे सरपंचही येऊन जागा पाहून गेले. मात्र ज्या वस्त्यांना शाळाच मिळत नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मी साहेबांना परवा पुन्हा विचारून आले. गावाला स्वतःचा नियम करू द्या, ही आमची मागणी तशीच आहे, आणि ती मी सोडणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. आणि पाठवायचं असतं, तरी तुला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं असतं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, जी ओसरीत कुणाला सांगितली नाही. इतकी वर्षं माझा राग दुकानदारावर होता, वावराच्या मालकावर होता, कचेरीवर होता. त्या दिवशी बायांच्या फेरात नाचताना मला तुझा राग आला, पहिल्यांदाच. सगळ्या होत्या, याडी. तू थोडी थांबायला हवी होतीस.